मॅक्सिमावर व्यस्त लाप्लास: छेदाचे अवयव पडतात तोवर बिनधास्त

मॅक्सिमा हे चिन्हांसकट गणित सोडवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं आणि इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीमध्ये (गणिताच्या तिसऱ्या पेपरात) येणारी व्यस्त लाप्लासची, म्हणजे एस मधल्या फलनावरून टी (काळ) मधलं फलन शोधायची, बरीचशी गणितं एका ओळीत सोडवतं. एमआयटीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या बीजगणित प्रणालीचं हे आजचं रूप. विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून ते सांभाळलं आणि १९९८ मध्ये ते खुल्या परवान्याखाली आणण्याची मुभा मिळवली. वय झालंय, ते दिसतंही. पण कामाला पक्कं आहे.

आज्ञा आहे आयएलटी. कंसात आधी फलन, मग एस, मग टी, शेवटी अर्धविराम. डब्ल्यूएक्स-मॅक्सिमात, म्हणजे त्याच्या खिडकीवाल्या रूपात, शिफ्ट दाबून एंटर. ४एस असं चिकटवून लिहिलं की चूक दाखवतं, मधे गुणाकाराचा तारा हवाच. (एस + ३) / (एस² + ४एस + १३) दिलं की क्षणात उत्तर येतं: ई^(−२टी) × (कॉस ३टी + १/३ साइन ३टी). छेदाचा पूर्ण वर्ग करणं, अंश एस + २ च्या रूपात फोडणं, हे सगळं ते आतल्या आत उरकतं. पायऱ्या मात्र दाखवत नाही. परीक्षेच्या सरावासाठी पायऱ्या हव्या असतील तर आधी पार्टफ्रॅक ही आज्ञा देऊन पार्शल फ्रॅक्शन (छेदाच्या अवयवांनुसार फोडलेले अपूर्णांक) पाहून घ्यावेत.

छेदात अक्षर असेल, समजा १ / (एस² + ए), तर मॅक्सिमा थांबून विचारतं: ए धन, ऋण की शून्य? नवखे इथे वैतागतात. पण प्रश्न रास्त आहे, कारण ए धन असेल तर साइन येतो, ऋण असेल तर हायपरबोलिक साइन आणि शून्य असेल तर नुसता टी. दर वेळी उत्तर द्यायचा कंटाळा असेल तर आधीच अझ्यूम आज्ञेनं ए > ० सांगून टाकावं.

खरी मर्यादा वेगळीच आहे. अंश आणि छेद दोन्ही बहुपदी हवेत आणि छेदाचे एकघाती किंवा द्विघाती अवयव पडायला हवेत. १ / (एस³ + एस + १) दिलं तर मॅक्सिमा तुमचीच ओळ जशीच्या तशी परत करतं. हा बिघाड नव्हे. या छेदाचे परिमेय सहगुणकांत अवयवच पडत नाहीत. अशा वेळी ऑलरूट्स आज्ञेनं छेदाची मुळं काढावीत: −०.६८२३ आणि ०.३४१२ ± १.१६१५ आय. मग प्रत्येक मुळापाशी अंश भागिले छेदाचं विकलज, गुणिले ई^(मूळ × टी), आणि तिन्हींची बेरीज. वास्तव मुळाचा सहगुणक ०.४१७२ येतो. उरलेल्या जोडीचा वास्तव भाग धन आहे, म्हणजे उत्तर डोलत डोलत वाढत जाणार. इथे अंतिम मूल्य प्रमेय (उत्तर शेवटी कुठे स्थिरावतं ते सांगणारं) डोळे झाकून लावलं तर शून्य मिळतं आणि ते साफ चूक असतं.

ई^(−२एस) / (एस² + १) सारखा विलंबही (उत्तर २ एकक उशिरा सुरू होणं) आयएलटीला पेलत नाही. घातांकी भाग बाजूला काढा, उरलेल्याचं साइन टी मिळवा, टी च्या जागी टी − २ घाला आणि एकक पायरी फलनानं (टी = २ च्या आधी शून्य, नंतर १) गुणा. एवढ्यासाठी हातच पुरे. अशी गणितं रोजचीच असतील तर मात्र पायथॉन भाषेतलं सिमपाय हे गणिताचं पॅकेज बरं: ते साइन(टी − २) गुणिले हेव्हिसाइड(टी − २), म्हणजे तेच पायरी फलन, थेट देतं.

सिमपायच्या खोड्या निराळ्या. टी धन आहे असं जाहीर केलं नाही तर प्रत्येक पदाला हेव्हिसाइड चिकटतं. अर्ध्यात उपरती होऊन टी नव्यानं धन म्हणून जाहीर केलात, तर जुना टी आणि नवा टी ही त्याच्या लेखी दोन वेगळी चिन्हं. किंमत घातली तरी उत्तर हलत नाही. १/३ लिहिलं की पायथॉन त्याचा आधीच दशांश करून ठेवतो, म्हणून अपूर्णांक तसाच ठेवणारं रॅशनल वापरावं.

दशांशाचं दुखणं किरकोळ समजू नये. एस² + ०.२एस + ०.०१ म्हणजे (एस + ०.१)², उत्तर टी × ई^(−०.१टी). पण संगणकाच्या दशांशात ०.२ चा वर्ग नेमका ०.०४ भरत नाही. दुहेरी मुळाची दोन जवळजवळची मुळं होऊ शकतात, आणि मग कोटींच्या घरातले, विरुद्ध चिन्हांचे दोन सहगुणक समोर येतात. मॅक्सिमा बहुपदी हाताळताना ०.२ चा १/५ करून घेतं आणि तसा संदेशही दाखवतं. तो संदेश वाचावा, कारण मोजून आलेला आकडा असेल तर हा बदल चालतो का हे आपल्यालाच ठरवायचं असतं.

सूत्रच निघत नसेल तर एमपीमॅथ या पायथॉनच्याच पॅकेजमधलं इन्व्हर्ट-लाप्लास टी च्या एकेका किमतीला आकडा देतं. वेगळं काही सांगितलं नाही तर ते टॅलबॉट पद्धत वापरतं. गुळगुळीत फलनांना उत्तम. विलंब असेल तर तिच्यावर विसंबू नये: तिचा समाकलनाचा मार्ग डावीकडे वळतो, तिथे ई^(−२एस) प्रचंड होतं आणि टी २ पेक्षा कमी असताना शून्याऐवजी भलतंच काही येतं. स्टेफेस्ट पद्धत डोलणाऱ्या फलनांवर लंगडते. तुटक फलनांना डी हूग त्यातल्या त्यात बरी.

उत्तर कुठूनही आलेलं असो, मॅक्सिमात लाप्लास आज्ञेनं ते उलट फिरवावं, मूळ फलन वजा करून रॅटसिम्प ही सोपं रूप देणारी आज्ञा द्यावी. शून्य यायला हवं. घाईत असाल तर दिलेल्या फलनाला एफ(एस) म्हणून एस × एफ(एस) ची अनंतापाशी किंमत पाहा. पहिल्या उदाहरणात ती १ येते, आणि उत्तरात टी = ० घातलं तरी १ च.