तोंगारिरो नदीवरचा एक दिवस: आठ महिन्यांनी लिहितोय

गेल्या जुलैत बहिणीकडे ऑकलंडला गेलो होतो, तेव्हा एक दिवस गाइड घेऊन न्यूझीलंडमधल्याच तोंगारिरो नदीकाठच्या तुरांगी गावी फ्लाय फिशिंग केलं, म्हणजे पिसं-दोऱ्याचा खोटा किडा (फ्लाय) लावून मासेमारी. परत आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसता आनंदच उतरला असता. त्या दिवसाचं पुढे काय झालं ते बघून लिहायचं ठरवलं होतं.

तुरांगी ऑकलंडपासून गाडीने साधारण चार तासांवर. ताउपो सरोवरातले रेनबो ट्राउट हिवाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, अंडी घालायला तोंगारिरो नदीत वर चढतात. मूळचे हे मासे कॅलिफोर्नियाचे, एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडला आणलेले. या नदीत फक्त फ्लायनेच मासेमारी करता येते, आणि ताउपो भागाचा परवाना देशातल्या इतर भागांच्या परवान्यापेक्षा वेगळा. माझ्या बुकिंगच्या पैशांत तो धरलेला नव्हता आणि हे मला आदल्या रात्री कळलं. बूटही एक नंबर मोठे मिळाले. गोट्यांवरून चालताना दिवसभर त्रास झाला. या दोन्ही गोष्टी बुकिंग करतानाच स्पष्ट विचारून घ्या.

सांगलीला कृष्णेच्या काठी गांडूळ आणि मोरपिसाची काडी लावून गळ टाकत मी वाढलो, त्यामुळे आपल्याला येतं असा समज होता. पहिल्या तासात तो गेला. आपल्याकडे गळाला बांधलेल्या शिशाच्या वजनावर दोरी जाते. इथे वजन दोरीतच असतं आणि फेकायची ती दोरी. गाइड साठीतले, कमी बोलणारे. त्यांनी माझं मनगट धरलं आणि रॉड मागे नेऊन थांबवला. दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढे. तो अर्धा क्षण थांबणं मला दुपारपर्यंत जमलं नाही.

पण खरं शिक्षण पाण्याचं झालं. दोरीवर खुणेसाठी लोकरीचा छोटा पुंजका, खाली दोन निंफ, म्हणजे पाण्यातल्या अळीसारखे खोटे किडे. मधला प्रवाह जोरात, पलीकडचा संथ. दोरी मध्येच पोट काढते आणि किडा ओढला जातो. असा ओढला जाणारा किडा मासा घेत नाही. म्हणून दोरी पडताच रॉडच्या टोकाने ती उचलून वरच्या अंगाला टाकायची, म्हणजे निंफ पाण्याच्याच चालीने वाहतात. हे पाचव्या-सहाव्या वेळी बरोबर झालं आणि पुंजका वाहता वाहता जरासा अडला. बुडला नाही, नुसता अडला. गाइडनी काही म्हणायच्या आत मी रॉड उचलला होता. दीड-दोन किलोची मादी, अंगावर गुलाबी पट्टा. त्यांनी आधी माझे हात पाण्यात बुडवायला लावले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग प्रवाहाकडे तोंड करून धरली, शेपटीने जोर केला तशी सोडली.

दिवसभरात तो एकच मासा. बहिणीच्या नवऱ्याने विचारलं, एवढ्या पैशांत एकच? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

भारतात परत आल्यावर एक साधा रॉड घेतला आणि पुण्यात घराजवळच्या मैदानावर टोकाला लोकर बांधून रोज सकाळी वीस मिनिटं फेकत राहिलो. हिमाचलात ट्राउटचा हंगाम मार्चमध्ये उघडतो, तेव्हा परवाना काढून तीर्थन नदीवर गेलो. या वेळी गाइड नव्हता. पाण्याकडे बघितलं तर मोठ्या दगडामागचा संथ पट्टा, दोन प्रवाहांच्या मधली रेघ, डोहाच्या तोंडाशी पाणी खोल होतं ती जागा आपोआप दिसत होती. तोंगारिरोवर हीच ठिकाणं गाइड बोट दाखवून सांगत होते आणि मला सगळीकडे नुसतं पाणी दिसत होतं.

तुरांगीत अर्ध्या दिवसाचीही सहल मिळते, पण ती घेऊ नका. माझं कास्टिंग, म्हणजे दोरी फेकणं, सुधारलं ते जेवणानंतर. रॉड, वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक पँट) सगळं तिथलंच वापरा. आपलं वापरलेलं सामान नेलं तर विमानतळावर जाहीर करावं लागतं आणि ते स्वच्छ, कोरडं लागतं. आतून लोकरीचे मोजे दोन जोड घाला, पाणी फार गार असतं.

तीर्थनवर दुसऱ्या दिवशी वीतभर ब्राउन ट्राउट लागला. हात आधी ओले केले.