आगमनकाळाचं कडं: गुलाबी मेणबत्ती गाजरी निघाली, तरी साडेतीन तारे

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे साधारण चार आठवडे. त्यासाठी चार मेणबत्त्यांचं हे कडं असतं, दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत पेटवायची. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला भांडण वाढवायचं नाही. ऑनलाइन मागवलं, ६४९ रुपये, यायला नऊ दिवस लागले. खोक्यात निघालं ते असं: काळ्या रंगाचं लोखंडी कडं, त्यावर मेणबत्त्यांसाठी चार वाट्या, तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी, प्लॅस्टिकच्या हिरव्या पानांची माळ आणि रोजच्या वाचनाची छोटी पुस्तिका.

आधी रंगाचं बोलते, कारण तो माझा धंदा आहे. मी वसईत घरी शिवणकाम करते, सत्तावीस वर्षं झाली. तिसऱ्या रविवारची गुलाबी मेणबत्ती म्हणून जी पाठवली ती चक्क गाजरी आहे. गिऱ्हाइकाला असा गाऊन दिला असता तर तो माझ्या तोंडावर परत आला असता. जांभळा मात्र बरोबर आहे, या दिवसांत मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, फादर घालतात त्या झग्याच्या जवळ जाणारा. दुकानदाराला फोटो पाठवला तर उत्तर आलं, ‘मॅडम, स्क्रीनमुळे फरक दिसतो.’ अहो, मी मेणबत्ती हातात घेऊन बोलतेय.

प्लॅस्टिकची माळ पहिल्याच दिवशी काढून टाकली. भुईगावच्या किनाऱ्यावरून मुलगा नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी सुरूच्या फांद्या आणतोच, त्यातल्या दोन कड्याला गुंडाळल्या. सुरू चार दिवसांत वाळतो आणि वाळला की भुरकन पेटतो, हे लक्षात ठेवा. दर तीन-चार दिवसांनी बदलावा लागतो.

आता हे घेतलं कशाला, ते सांगते. आगमनकाळात आम्हा कॅथलिकांकडे सहसा लग्न ठेवत नाहीत. म्हणून सगळी लग्नं नाताळ झाला की एका मागोमाग एक लागतात, आणि ते सगळे गाऊन डिसेंबरात माझ्या मशीनवर असतात. शिवाय घरोघरच्या पोरींचे नाताळचे फ्रॉक. म्हणजे चर्च सांगतं थांबा, वाट पाहा, आणि त्याच चार आठवड्यांत मी रात्री एकपर्यंत नेटला अस्तर लावत बसलेली. रोजची जपमाळ चुकवत नाही, पण खरं सांगते, हातशिलाई करता करता म्हणते. ‘नमो मारिया’ आणि टाके एकाच लयीत जातात, आणि मी मोजते ते टाके. मागच्या वर्षी धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तपसाधनेला (प्रवचन-प्रार्थनेच्या शिबिराला) तीन संध्याकाळ गेले, तिन्ही दिवस पेंगले. दोष प्रवचनाचा नव्हता.

तेव्हा ठरवलं, रात्री नऊला मशीन बंद, दहा मिनिटं कडं पेटवायचं.

पहिलीच अडचण अशी की वाट्या सैल आहेत. मेणबत्ती डुलते. बुडाला सिल्व्हर फॉईलची पट्टी गुंडाळली तेव्हा कुठे ती उभी राहिली, तरी माझा भरवसा बसेना. आणि घरभर काय? साटीन, नेट, कॅनकॅनचे गठ्ठे, खुर्चीवर कुणाचा तरी अर्धा शिवलेला घेर. एक ठिणगी आणि चार लग्नं बुडाली. म्हणून कडं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं, स्टीलच्या परातीत, आणि पेटलेलं असेपर्यंत तिथून हलायचं नाही असा नियम केला.

या नियमानंच काम केलं. जपमाळ घेऊन मी घरभर फिरू शकते, मोबाइलवरचं प्रवचन ऐकत बटणं लावू शकते. डुलणारी मेणबत्ती सोडून मात्र उठता येत नाही. फोन दुसऱ्या खोलीत वाजत राहिला, मी बसून राहिले. वाट्या घट्ट असत्या तर पहिल्याच आठवड्यात मी ‘एवढी काजं करून येते’ म्हणत उठले असते. आता हा मालाचा गुण म्हणायचा की दोष, तुम्हीच ठरवा. मी अर्धा तारा कापला आहे.

पहिले तीन दिवस ज्योतीकडे बघत मी राहिलेले गाऊन मोजले. चौथ्या की पाचव्या दिवशी मोजायचं राहून गेलं. मशीन थांबलं की कानात थोडा वेळ घरघर राहते, ती ओसरली आणि बाजूच्या वाडीतल्या पोरांचा नाताळगीतांचा सराव ऐकू आला, बेसूर. मी प्रार्थना केली असं म्हणणार नाही. पण दहा मिनिटांनी ज्योत विझवली तेव्हा खांदे खाली आलेले होते, एवढं कळलं.

मेणबत्त्या पुरतील का, ही शंका सगळ्यांना येते, म्हणून हिशोब देते. २०२५ च्या आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला होता, म्हणजे २४ डिसेंबरपर्यंत पंचवीस दिवस. रोज दहा मिनिटं धरली तर पहिली मेणबत्ती २५० मिनिटं जळते, दुसरी १८०, तिसरी ११० आणि चौथी जेमतेम ४०. शेवटी चौघी जिन्यासारख्या दिसतात. माझी पहिली २४ तारखेला दीड इंच उरली होती, म्हणजे पुरते. पण ओघळते फार, आणि जांभळं मेण डाग सोडतं. पडलंच तर आधी बर्फ लावून खरवडा, मग तपकिरी कागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवा. साटीनवर हा प्रयोग करू नका.

पुस्तिका अर्धी बरी. अक्षर इतकं बारीक की मेणबत्तीच्या उजेडात चाळिशीच्या वरच्यांना वाचता येणं अशक्य. छापणाऱ्यानं हे एकदा करून बघायला हवं होतं. मराठीही ‘तुमच्या अंतःकरणाच्या अवकाशाला निमंत्रण द्या’ अशी. चौथ्या पानानंतर मी ती बाजूला ठेवली आणि ‘सुवार्ता’ मासिकाचा जुना अंक काढला. पुस्तिकेच्या पहिल्या पानावरची गोष्ट मात्र आवडली. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखेर्न नावाचे पाळक गरीब मुलांचा आश्रम चालवायचे. पोरं रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर रोजच्या वीस लहान तांबड्या आणि रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. मला वाटायचं ही रोमची जुनी चाल असेल, निघाली प्रोटेस्टंट पाळकाची. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी असेल, बरोबर नऊला एक नवरी ट्रायलला आली. २८ तारखेचं लग्न, चेहरा उतरलेला, गळा खोल झालाय की काय याची काळजी. म्हटलं, ‘बस गं दहा मिनिटं, मला इथून उठता येत नाही.’ तिला वाटलं माझे गुडघे धरलेत. बसली. जांभळ्या दोन आणि ती गाजरी, तिघी पेटलेल्या. पाचेक मिनिटांनी तीच म्हणाली, ‘आँटी, आज दिवसभरात मी पहिल्यांदा बसले.’ मग ट्रायल घेतली. गळा ठीक होता, कंबर अर्धा इंच सैल निघाली.

पुढच्या वर्षी कडं हेच वापरीन, मेणबत्त्या चर्चबाहेरच्या बाईकडून घेईन, त्या निदान रंग बघून घेता येतात. उरलेले तुकडे टाकू नका. गाऊनची चेन अडकली की दातांवर मेण घासायचं, सरसर चालते. जांभळं गडद चेनला, गाजरी फिक्याला.