लोटणाऱ्या भिंतीचे गणित : व्हिलेन्किन आणि शेलार्ड यांचा ग्रंथ
‘कॉस्मिक स्ट्रिंग्ज अँड अदर टोपोलॉजिकल डिफेक्ट्स’ हा केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचा १९९४ चा ग्रंथ मी मुख्यतः डोमेन भिंतींसाठी (क्षेत्राच्या दोन वेगळ्या अवस्थांमधल्या सीमेवरच्या, सिद्धांतात मांडलेल्या अतिपातळ पृष्ठांसाठी) घेतला आणि त्या भागानेच त्याची किंमत वसूल केली. अशा भिंतीत पृष्ठावरच्या दोन्ही दिशांना (लांबी आणि रुंदी) ऊर्जाघनतेइतकाच ताण असतो. सामान्य सापेक्षतेत ताणही गुरुत्वाचा उगम असतो, पण ऋण चिन्हाने; त्यामुळे दोन दिशांचा ताण मिळून हिशेब ऋण होतो आणि भिंत जवळच्या कणाला ओढण्याऐवजी दूर लोटते.

खरी मेजवानी पुढे आहे. सपाट, सममित भिंतीसाठी आइन्स्टाईनच्या समीकरणांना स्थिर (काळानुसार न बदलणारी) उकल मिळतच नाही, हे व्हिलेन्किन यांनी १९८३ मध्ये आणि इप्सर व सिकिवी यांनी १९८४ मध्ये दाखवलेले सत्य नीट समजले, की भिंतीबाहेरचा अवकाश-काल सपाट असूनही त्या सपाट निर्देशांकांत भिंत म्हणजे आकुंचन पावून, क्षणभर थांबून, पुन्हा फुगणारा गोल आहे, हे उलगडते. काळानुसार त्या गोलाची त्रिज्या काढली की अपास्त (हायपरबोला) हा वक्र मिळतो; मी वहीत तो पेन्सिलीने काढला, निरीक्षकाची सरळ रेषा आत ओढली, आणि तिच्यापासून दूर पळणारी भिंत प्रत्यक्ष दिसली. त्वरण येते २πGσ, जिथे G हा गुरुत्व स्थिरांक आणि σ ही पृष्ठघनता. (हे चित्र स्वतः काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.)

मांडणी दाट आहे आणि टेन्सर गणिताचा सराव गृहीत धरला आहे, त्यामुळे नवशिक्यांनी आधी सापेक्षतेचा एखादा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करावा. संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र हा ग्रंथ जवळ ठेवावाच.