विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारं ॲप: काही महिन्यांच्या वापरानंतर

दोन शहरांची नावं टाकली की हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारं एक ॲप गेले काही महिने मी सारखं वापरतोय. घरच्यांच्या आणि मित्रमंडळींच्या लांबच्या प्रवासांची आखणी माझ्याकडे असते. अंतराच्या आकड्यावर माझा पूर्ण भरवसा बसलाय. वेळेच्या आकड्यावर मात्र नाही, आणि त्याच्या जोरावर कुणी कनेक्टिंग फ्लाइट ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंतराचा हिशोब पक्का असतो. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरून पृष्ठभागावरचा सर्वांत जवळचा मार्ग मोजतात. ती ध्रुवांकडे जराशी चपटी आहे, पण त्याने फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके साधारण ५,५४० किलोमीटर दाखवतं, ते बरोबर आहे. नकाशावरची रेघ उत्तरेकडे वाकलेली दिसते, तीही बरोबर; गोलावरचा जवळचा रस्ता सपाट कागदावर तसाच उमटतो. फक्त शहराच्या नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. टोकियोचं नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर लांब आहे.

वेळ काढताना हे ॲप अंतराला एका ठरावीक वेगाने भागतं आणि विमानाला आकाशात वर चढायला आणि खाली उतरायला म्हणून अर्धा तास मिळवतं. म्हणून लंडन-न्यूयॉर्क जातानाही सात तास, येतानाही सात. वेळापत्रक उघडून बघा: न्यूयॉर्ककडे जायला आठ तासांच्या आसपास लागतात, परत यायला सुमारे सात. अटलांटिकवर नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहते, हिवाळ्यात तर जोरातच. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या साथीने ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं. इतका फरक ज्या आकाशात पडतो, तिथे दोन्ही दिशांना एकच आकडा देऊन कसं चालेल?

शिवाय विमान नेहमी जवळच्या रस्त्यानेच जातं असंही नाही. हेलसिंकी ते टोकियो अंतर ७,८०० किलोमीटरच्या आसपास आहे. पूर्वी रशियावरून साडेनऊ तासांत जाता यायचं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि फिनलंडच्या फिनएअर कंपनीच्या या प्रवासाला तेराएक तास लागू लागले. काही उड्डाणं तर उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. ॲपमध्ये अजून जुनाच हिशोब दिसतो. ज्याला पुढचं विमान गाठायचंय, त्याच्यासाठी हे तीन-साडेतीन तास फार मोठे आहेत.

त्यामुळे मी अंतर इथून घेतो आणि वेळ विमान कंपनीच्या वेळापत्रकातून. त्यात विमान गेटवरून हलल्यापासून पुन्हा गेटला लागेपर्यंतचा वेळ धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावरचं टॅक्सीइंग, म्हणजे विमानाचं जमिनीवरून गेटपर्यंत चालत जाणंही त्यात आलं.

मार्चमध्ये एक गोष्ट जरूर तपासा. उन्हाळ्यासाठी अमेरिका घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या काळात लंडन-न्यूयॉर्कमधला फरक पाचऐवजी चार तासांचा असतो. माझं ॲप तेव्हाही पाचच धरतं, आणि पोहोचण्याची स्थानिक वेळ सरळ एक तासाने चुकते. बनवणाऱ्यांना मी हे कळवलंय. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा दाखवा, हेही.