कासवांची दोन कप्प्यांची पेटी : चार महिन्यांच्या वापरानंतर

भांडणारी दोन कासवे वेगळी ठेवता यावीत म्हणून इंदूरमधल्याच एका दुकानातून मी साडेअकरा हजार रुपयांना ही पेटी करून घेतली. तिची बांधणी उत्तम आहे, पण ज्या कामासाठी ती घेतली त्याच कामात ती सुरुवातीला कमी पडली. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही.

भाच्याकडून आमच्या लोकमान्य नगरच्या घरी आलेली दोन्ही कासवे सुलकाटा जातीची, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यातली असून त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद झालेली आहे. (आपल्याकडचे तारा कासव पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे; कोणी हळू आवाजात ‘स्टार’ देऊ केला तर तिथून निघावे.) मोठे धाकट्याच्या पाठीवर पुढचे पाय टाकून बसायचे, चाऱ्यापाशी आधी पोहोचून आडवे व्हायचे, आणि आम्ही घरातले सगळे त्याला प्रेम समजत होतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर महिन्याला वजन करू लागलो तेव्हा चार महिन्यांत मोठे तीनशे वीस ग्रॅमने वाढले होते आणि धाकटे अवघ्या तीस ग्रॅमने. मे महिन्यातल्या एका दुपारी मोठ्याने टक्कर देऊन धाकट्याला अंगणातल्या फरशीवर उताणे पाडले. कासवाची फुप्फुसे पाठीच्या कवचाला लागून असतात, त्यामुळे उताणे पडल्यावर पोटातल्या सगळ्या अवयवांचा भार त्यांच्यावर येतो; त्यात इंदूरचे मे महिन्यातले ऊन. सौभाग्यवती कपडे काढायला गेली नसती तर ते वाचले नसते.

पेटी सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. प्लायवूड जाड आहे, आतला रंग पाण्याने सुटत नाही आणि तळाचा ट्रे बाहेर ओढता येत असल्यामुळे सफाई दहा मिनिटांत उरकते. दोष आहे तो मधल्या भिंतीत, कारण ती पारदर्शक ॲक्रिलिकची आहे. पारदर्शक वस्तू म्हणजे अडथळा, हे कासवाला उमगत नाही. त्याला पलीकडचा प्रतिस्पर्धी दिसतो, वाट मात्र सापडत नाही. मोठे मान आत ओढून, गळ्याखालचे कवचाचे टोक पुढे काढून दिवसभर त्या भिंतीवर आपटत राहायचे. शेजारच्या खोलीत बसले की पाटावर कोणी मूठ मारावी तसा आवाज येई. आठ दिवसांत ॲक्रिलिकवर चार बोटे उंचीवर ओरखड्यांचा पांढरा पट्टा उमटला आणि धाकट्याचे नाक घासून लाल झाले. त्यात भर म्हणजे अतिनील दिवा एकच, आणि त्याची पट्टी बरोबर मधल्या भिंतीच्या वर ठोकलेली. साहजिकच ऊब घ्यायची तर दोघांनाही याच सीमेवर यावे लागे.

दुकानात फोन केल्यावर मालक म्हणाले, “अकेले में उदास हो जाते हैं, भिया, इसलिए एक-दूसरे को दिखना चाहिए.” हा समज चुकीचा आहे. कासव हा कळपाचा प्राणी नाही, आणि जोडीने ठेवलेल्यांत तर दबणाऱ्याला सुटकाच नसते, कारण मारणाऱ्याचे सारे लक्ष त्याच्या एकट्यावरच असते. मालकांनी दुसऱ्या दिव्याची पट्टी मात्र विनामूल्य पाठवली, तेही दुसऱ्याच दिवशी. हे त्यांच्या बाजूने लिहिलेच पाहिजे. भिंत बदलून द्यायला ते तयार झाले नाहीत. शेवटी इथल्या सियागंज बाजारातून प्लायवूडचा तुकडा आणून सुताराकडून तो त्याच खाचेत बसवून घेतला आणि दोन दिवे दोन टोकांना लावले. सगळा खर्च दिव्यासह अठराशे रुपये झाला. आपटणे तिसऱ्या दिवशी थांबले. पुढच्या दोन महिन्यांत धाकट्याचे वजन एकशे चाळीस ग्रॅमने वाढले. अंगणात ती आता वेगवेगळ्या वेळी सोडतो. एका वेळी सोडायची तर मध्ये विटांचा आडोसा लागेल, जाळी चालणार नाही, कारण जाळीतूनही दिसतेच.

अशी पेटी करून घ्यायची असल्यास आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मधली भिंत अपारदर्शक आणि दिवे दोन, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. एवढे मान्य झाले तर किंमत रास्त आहे. पूर्ण वाढलेला सुलकाटा नर पन्नास किलोंच्या पुढेही जातो, तेव्हा रात्रीच्या आणि पावसाळ्याच्या निवाऱ्यासाठी ही पेटी आमच्या घरी फार तर आणखी दोन वर्षे पुरेल.