फुग्याची टीपीआय वायर: गडहिंग्लज-चंदगडच्या आयसीयूने घ्यावी का?

टेम्पररी पेसिंगच्या (टीपीआय), म्हणजे शिरेतून हृदयात नेऊन बाहेरच्या बॉक्सच्या विजेने ठोके तात्पुरते चालवायच्या, वायरी बाजारात मुख्यतः दोन जातीच्या मिळतात. एक साधी बायपोलर, जराशी ताठ. दुसरी मऊ, टोकाला फुगा असलेली, रक्ताच्या ओढीबरोबर पुढे सरकणारी. कोल्हापुरात जिथे कॅथलॅब (हृदयाच्या कामाची एक्स-रे पडद्याची खोली) आहे तिथे साधी वायर चालते आणि तीच वापरावी. पडद्यावर टोक दिसत असताना फुग्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. प्रश्न आहे गडहिंग्लज, चंदगड, गारगोटी, मलकापूर इथल्या चार-सहा खाटांच्या आयसीयूचा. पेशंट कम्प्लीट हार्ट ब्लॉकमध्ये (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा विजेचा इशारा खाली पोहोचतच नाही), ठोके तिशीच्या आसपास, ठोके वाढवणारं ॲट्रोपिन देऊन झालेलं, सी-आर्म (खाटेशी आणायचं एक्स-रे पडद्याचं यंत्र) नाही आणि कोल्हापूर लांब. फुग्याची वायर अशाच जागेसाठी आहे, म्हणून इथे ती त्याच कसोटीवर तपासली आहे.

मत आधीच सांगतो: अशा आयसीयूने दोन नग कायम ठेवावेत. पण ही वायर विकताना ‘सी-आर्मशिवाय कुठेही टाका’ असं जे सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माहीत नसेल तर वायर पाकिटातच बरी.

या वायरीत तीन जुने शोध एकत्र आले आहेत. वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने १९२९ साली मूत्रमार्गाची नळी स्वतःच्या हाताच्या शिरेतून ६५ सेंमी आत सरकवून उजव्या कर्णिकेपर्यंत (हृदयाच्या वरच्या कप्प्यापर्यंत) नेली आणि एक्स-रे काढून ते दाखवलं. सेमूर फरमन यांनी १९५८ साली न्यूयॉर्कच्या माँटेफिओर हॉस्पिटलमध्ये शिरेतून इलेक्ट्रोड उजव्या जवनिकेत (खालच्या कप्प्यात) ठेवून आतूनच हृदय चालवलं. त्याआधी, १९५२ पासून, छातीवर पॅड लावून बाहेरून झटके द्यायची पॉल झॉल यांची पद्धत होती. ती जीव वाचवते, पण शुद्धीवर असलेल्या पेशंटला फार दुखते. तिसरा शोध हॅरोल्ड स्वान आणि विल्यम गँझ यांचा, १९७० सालचा. नळीच्या टोकाला फुगा लावला की ती ढकलावी लागत नाही, प्रवाहच तिला झडपेतून पुढे नेतो. या वायरीची सगळी ताकद आणि सगळी मर्यादा त्या शेवटच्या वाक्यात आहे.

पाकिटातला माल असा असतो: ५ फ्रेंचची, म्हणजे सुमारे १.७ मिमी जाडीची, १०० ते ११० सेंमी लांब नळी. दर १० सेंमीवर काळी खूण. टोकाशी दोन इलेक्ट्रोड, मध्ये साधारण १ सेंमी अंतर. मागे दोन पिना आणि फुग्याची छोटी तोटी, सोबत सिरिंज. नळी ५ फ्रेंचची असली तरी शीथ (वायर आत घालण्यासाठी शिरेत बसवायची आखूड नळी) ६ फ्रेंचचं घ्या. हवा काढलेला फुगाही थोडा जाड राहतो, ५ च्या शीथमध्ये तो घासतो आणि तिथेच फाटतो. काही पाकिटांत वायरीवर चढवायची प्लास्टिकची पारदर्शक बाही येते, काहींत नाही. येत असेल तेच पाकीट घ्या. ती असली तर नंतर वायर दोन सेंमी आत-बाहेर करता येते. नाहीतर एकदा बाहेर राहिलेला भाग निर्जंतुक उरत नाही, तो परत आत ढकलता येत नाही.

फुगा बहुधा लॅटेक्सचा असतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखालच्या स्टोअरमध्ये ठेवलेलं लॅटेक्स एक्सपायरीच्या आधीच चिवटपणा सोडतं. थंड, कोरडी, अंधारी जागा हवी. वापरण्याआधी सलाइनच्या वाटीत फुगा बुडवून पाकिटावर लिहिली असेल तेवढीच हवा भरा, बहुधा सव्वा ते दीड मिली. बुडबुडा सुटला तर वायर बाजूला. फुगा एका अंगाला जास्त फुगत असेल तरीही बाजूला, कारण तो टोक झाकत नाही आणि टोक भिंतीला खुपतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला टर्नर जॉबची धार बोटाने बघतो, तसं ग्लोव्ह घातलेलं बोट दोन्ही इलेक्ट्रोडच्या कडांवरून फिरवा. कड लागली तर ती वायर घेऊ नका. लॅटेक्सची ॲलर्जी विचारायला विसरू नका.

फुग्यात हवाच भरायची. सलाइन भरलं तर बारीक नळीतून ते परत निघत नाही आणि फुगा जड होऊन वाहायचा थांबतो.

वाट निवडताना उजवी जुग्युलर (मानेतली शीर) पहिली. तिथून जवनिकेपर्यंत रस्ता जवळजवळ सरळ आहे, आणि फुग्याला तोच सोयीचा. डावी सबक्लेव्हियन (गळ्याच्या हाडाखालची शीर) शक्यतो सोडा, पुढे कायमचा पेसमेकर बहुतेक त्याच बाजूने बसतो. रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असेल किंवा क्लॉट विरघळवणारं औषध नुकतंच दिलेलं असेल तर सबक्लेव्हियनला हातच लावू नका, तिथे दाबून रक्त थांबवता येत नाही. मांडीतून आंधळेपणाने फुगा नेणं सर्वांत कठीण. तिकडून जायचं तर सी-आर्म हवाच. तिथे ताठ साधी वायर बरी.

वायर १५ ते २० सेंमी आत गेल्यावर, म्हणजे फुगा शीथच्या बाहेर पडल्यावर, हवा भरा आणि तोटी बंद करा. आता दोन पद्धती आहेत. पेशंटचा स्वतःचा ठोका बरा असेल तर टोकाकडची पिन ईसीजीच्या छातीवरच्या व्ही लीडला जोडा. वायर कर्णिकेत असताना पी (कर्णिकेची लाट) उंच दिसते. झडप ओलांडली की पी लहान होते आणि क्यूआरएस (जवनिकेच्या ठोक्याची लाट) एकदम मोठा होतो. तो मोठा झाला की लगेच हवा काढा आणि दोन-तीन सेंमी हलक्या हाताने पुढे जा. भिंतीला टेकलं की एसटी (क्यूआरएसनंतरचा भाग) वर उचलला जातो, तिथे थांबा. क्यूआरएस मोठा होऊन परत लहान झाला तर वायर फुप्फुसाच्या धमनीत निसटली आहे. हवा काढलेलीच ठेवून मागे या. उजव्या जुग्युलरमधून हे सगळं साधारण ३० ते ३५ सेंमीच्या खुणेपर्यंत आटोपलं पाहिजे. ४० झाले आणि अजून कॅप्चर (बॉक्सच्या झटक्याला हृदयाचा ठोका) नाही, तर आत वेटोळं झालंय. ढकलत राहिलात तर गाठ बसेल.

दुसरी पद्धत घाईची: बॉक्स चालू करून रेट पेशंटच्या ठोक्यापेक्षा १० ते २० ने जास्त, करंट ५ मिलीअँपिअर, आणि प्रत्येक स्पाइकमागे (झटक्याच्या उभ्या रेषेमागे) रुंद क्यूआरएस दिसेपर्यंत पुढे. हँडहेल्ड इको (हृदयाची सोनोग्राफी) असेल तर तो लावाच. त्यात वायर झडपेतून जाताना दिसते आणि पोटातल्या महाशिरेत घसरली असेल तर तेही कळतं.

मघाशी म्हटलेलं उरलेलं अर्धं ते हे. फुगा प्रवाहावर जातो. प्रेशर पडलेलं, हृदय जेमतेम हलतंय किंवा मसाज चालू आहे, अशा पेशंटमध्ये फुग्याला ओढायला काही नसतं. तो कर्णिकेत फिरत राहतो आणि वेळ जातो. तिथे छातीवरचे पॅड, ॲड्रिनलिनचं ड्रिप, आणि टाकता येत असेल तर ताठ वायर. ट्रायकस्पिड (उजव्या कर्णिका-जवनिकेमधली) झडप फार गळत असेल तरी फुगा मागे फेकला जातो. त्या जागी कृत्रिम धातूची झडप असेल तर कोणतीच वायर घालू नका.

बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, बिया खाल्लेले पेशंट खेड्यांतून येतात आणि हार्ट ब्लॉक घेऊन येतात. त्या विषाने चिडलेल्या स्नायूला वायरीचं टोक लागलं तर जवनिकेची धोक्याची लय सुरू होऊ शकते. या पेशंटमध्ये पोटॅशियम आधी तपासा, डिफिब्रिलेटरचे पॅड चिकटवून ठेवा आणि मगच वायरीला हात घाला. मऊ फुग्याची वायर इथे ताठपेक्षा नक्कीच बरी.

वायर बसली की थ्रेशोल्ड काढा: करंट हळूहळू कमी करत जा, कॅप्चर सुटेल तो आकडा. १ मिलीअँपिअरच्या आत असेल तर जागा चांगली. करंट त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवा आणि आकडा चार्टवर लिहा. रोज तपासा. कालपेक्षा वाढलाय म्हणजे टोक सरकतंय, किंवा पोटॅशियम वाढलंय. सेन्सिंगच्या (पेशंटचा स्वतःचा ठोका बॉक्सने ओळखण्याच्या) खटक्यात नवीन स्टाफ हमखास चुकतो. मिलीव्होल्टचा आकडा लहान केला की बॉक्स जास्त संवेदनशील होतो, मोठा केला की बहिरा होतो. बहिरा बॉक्स टी लाटेवर (ठोक्यानंतर जवनिका सावरत असताना) स्पाइक टाकतो आणि ताज्या हार्ट ॲटॅकमध्ये तेवढ्यानेही व्हीएफ (जवनिकांची नुसती थरथर, रक्त पुढे जात नाही) होऊ शकतं. डिमांडवरच (पेशंटचा ठोका आला नाही तरच झटका) ठेवा. टोकाकडची पिन निगेटिव्हला, मागची पॉझिटिव्हला.

जागा बरोबर असेल तर पेसिंगचा क्यूआरएस लेफ्ट बंडल ब्लॉकसारखा (डाव्या बाजूला वीज उशिरा पोहोचल्यासारखा) दिसतो. तो राइटसारखा दिसू लागला, उचकी लागली किंवा पोटाचा वरचा भाग ठोक्यागणिक उडू लागला, तर टोक भिंत ओलांडून गेल्याचा संशय धरा. लगेच इको करून हृदयाभोवती रक्त साठतंय का बघा.

स्पाइक आहे पण ठोका नाही: करंट वाढवा, पेशंटला डाव्या कुशीवर वळवा, पिना उलट करून बघा. स्पाइकच नाही: आधी पिना घट्ट आहेत का ते बघा, मग बॅटरी, मग सेन्सिंग. या क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा दोष वायरीत नव्हे, जोडात सापडतो. पिना आणि अ‍ॅडॉप्टर केबलचं माप जुळत नसेल तर वायर कितीही चांगली असो, उपयोग शून्य. पिनांना हात लावताना ग्लोव्ह घाला आणि उघड्या पिना झाकून ठेवा. त्या थेट हृदयाशी जोडलेल्या आहेत. त्वचेला जाणवणारही नाही एवढा, मिलीअँपिअरच्या दहाव्या हिश्श्याचा, गळका करंट तिथे व्हीएफ करू शकतो.

मऊपणाची किंमत मोजावी लागते ती वाटेत. ही वायर टाकायला सौम्य, पण जागेवर टिकायला साध्या वायरीपेक्षा कच्ची. चंदगडहून कोल्हापूरपर्यंतचे गतिरोधक, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे पुन्हा पुन्हा लागणारा ब्रेक, हे तिच्यासाठी फार झालं. शीथला टाका, वायरीला वेगळा टाका, कातडीवर एक सैल वेटोळं आणि त्यावर पारदर्शक ड्रेसिंग, म्हणजे ओढ लागली तर आधी वेटोळं सुटेल. बॉक्स सलाइनच्या स्टँडला टांगू नका, पेशंटच्या दंडाला बांधा. स्ट्रेचर उतरवताना माणूस एकीकडे आणि बॉक्स दुसरीकडे जातो. पॅड छातीवर चिकटवलेलेच असू द्या, त्यांचं मशीन ॲम्ब्युलन्समध्ये असू द्या. निघण्याआधी नवीन बॅटरी घाला आणि सुटी एक सिस्टरच्या खिशात द्या.

ईटीओ (वायूने निर्जंतुक) करून हीच वायर दुसऱ्या पेशंटला वापरायचा मोह अनेक ठिकाणी होतो, कारण साध्या वायरीपेक्षा ही महाग पडते. आमचं ठाम म्हणणं आहे की ते करू नका. फुग्याच्या बारीक नळीत काय अडकलंय ते धुऊन कळत नाही. एकदा ताणलेलं लॅटेक्स दुसऱ्यांदा कधी फाटेल त्याचा नेम नाही. पडद्याला छिद्र असलेल्या हृदयात तीच दीड मिली हवा मेंदूकडे जाऊ शकते. चंदगडच्या पेशंटलाही पहिल्याच वापराची वायर मिळाली पाहिजे.

काही दिवस पेसिंग लागणार असं दिसत असेल, उदाहरणार्थ पेसमेकरच्या पॉकेटमध्ये जंतुसंसर्ग होऊन जुनी यंत्रणा काढलेली आहे, तर फुग्याची काय, साधी वायरही पुरत नाही. कोल्हापुरात पोहोचल्यावर स्क्रू असलेली कायमच्या पेसमेकरची लीड (वायर) शिरेतून टाकून तिचं दुसरं टोक बाहेरच्या बॉक्सला जोडतात. ती स्नायूत फिरवून रोवलेली असते, त्यामुळे पेशंट उठून बसू शकतो, चालू शकतो. खर्च जास्त, पण आठवडाभर पाठीवर झोपून राहण्यापेक्षा किती तरी बरं.

ऑर्डर देताना डीलरला एवढं विचारा: बाही सोबत आहे का, ६ फ्रेंचचं शीथ सोबत आहे का, पिना आपल्या बॉक्सच्या केबलला बसतात का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर घेऊ नका. केबल घेऊन दुकानात जा आणि नमुन्याच्या पिना तिथेच खोचून बघा.