कान्हा की सातपुडा? इंदूरहून निघणाऱ्यांसाठी

दिवाळीत जंगलात जायचं, हे आमच्याकडे ठरतं दसऱ्याला. तुमच्याकडेही तसंच असेल, तर कान्हाचा हट्ट सोडा.

कान्हा आणि सातपुडा हे मध्य प्रदेशातले दोन व्याघ्र प्रकल्प. तिथला कोअर भाग, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, १ ऑक्टोबरला उघडतो आणि ३० जूनपर्यंत चालू असतो. सफारीचं ऑनलाइन बुकिंग १२० दिवस आधी सुरू होतं. रेल्वेचं आरक्षण मात्र नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलंय. म्हणून आधी सफारीचं परमिट, मग खोली, तिकीट शेवटी. आपण हॉटेलचे पैसे भरून मोकळे होतो आणि मग जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी जीप, शोधत बसतो.

कान्हासाठी रात्रीच्या गाडीने जबलपूर, पुढे खटिया गेटपर्यंत मोटारीने साधारण १६० किलोमीटर. आजी-आजोबा बरोबर असतील तर हा पल्ला अंगावर येतो. पण वाघ बघायचाच असेल, तर दोघांत कान्हाच. शिवाय तिथला बारशिंगा! सकाळच्या धुक्यात, गवतात मानेपर्यंत बुडालेला. एवढ्यासाठी जून-जुलैमध्येच तारीख धरून बसायची तयारी हवी.

सातपुड्यात वाघ दिसेल या भरवशावर जाऊ नये. अस्वल, गवे, शेकरू बघून जे खूश होतात, त्यांनी खुशाल जावं. मढईला, म्हणजे सातपुड्याच्या सफारी गेटला, देनवा नदी नावेने ओलांडायची, पलीकडे जिप्सी उभी असते. इथे गाइडबरोबर पायीही फिरता येतं, ते मला जिप्सीपेक्षा आवडलं. गर्दी कान्हापेक्षा कमी, त्यामुळे उशिरा ठरवणाऱ्यांना थोडी आशा असते. सातपुड्यासाठी उतरायचं पिपरियाला; जबलपूरची गाडी तिथूनच जाते. नाहीच मिळालं परमिट, तर थंड हवेचं पचमढी आहेच.

दोन्हीकडे नावांचं मात्र सांभाळा. परमिटवरचं नाव आणि गेटवर दाखवायचं मूळ ओळखपत्र जुळावं लागतं. आमच्या वहिनींचं आधार माहेरच्या नावाचं, आणि मी फॉर्मवर उत्साहाने सासरचं टाकलेलं. पहाटे साडेपाचला, कुडकुडत, लग्नपत्रिकेचा फोटो मोबाइलमध्ये शोधत होतो. सोडलं शेवटी, पण वहिनी भोपाळ येईपर्यंत बोलल्या नाहीत.

आणि बुधवारी दुपारची सफारी बंद असते. मुक्काम ठरवताना तेवढा वार बघून घ्या.